भावाची झोप आणि ‘कॅटेगरी’ची भीती: महूला मिलिटरी हॉस्पिटलात न्यावं की इंदूरात गुपचूप दाखवावं?

राजेंद्रनगरची_रेवा (शनिवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. आज धागा काढतेय, तोही नवा आयडी घेऊन. कारण पुढे कळेलच.

धाकटा भाऊ फौजेत आहे. सिग्नल्समध्ये (दळणवळणाची शाखा), नायक हुद्द्यावर. लडाखची फील्ड टेन्युअर संपवून कोर्ससाठी महूला आलाय. महू आमच्या घरापासून तासाभरावर, त्यामुळे आई खूश होती, पोरगं दर रविवारी जेवायला येईल म्हणून. येतोही. पण बोलत नाही. दाराकडे तोंड करूनच बसतो. रात्री राहिला तर तीनच्या सुमारास उठून कडी तपासतो, मग गच्चीवर जाऊन बसतो ते उजाडेपर्यंत. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला फुगा फुटला, तर भरलं ताट सोडून बाहेर निघून गेला.

अनंत चतुर्दशीला आम्ही लहानपणापासून गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला जातो. इंदूरकरांना सांगायला नको. रात्रभर जागायचं, आखाडे बघायचे, पहाटे पोहे खाऊन घरी. या वर्षी भाऊ जेल रोडपर्यंत आला, ढोल जवळ आले तसा मागे फिरला. शर्ट घामाने भिजलेला. विचारलं तर ‘गर्दी होती ताई’ एवढंच.

वर काय घडलं ते तो सांगत नाही. त्याच्या एका मित्राकडून कळलं की त्यांच्या ताफ्यातली गाडी दरीत गेली होती. हा मागच्या गाडीत होता. माणसं काढायला हाच खाली उतरला.

मी डॉक्टरचं नाव काढलं तर भडकला. म्हणाला, ‘एस-टू कॅटेगरी लागली की संपलं. कोर्स जाईल, हवालदारी जाईल, हातातली रायफल काढून घेतील आणि बराकीत पागल म्हणून नाव पडेल ते वेगळंच.’ माझे यजमान म्हणतात इंदूरात खासगी डॉक्टरकडे नेऊ, रोख पैसे देऊ, नाव दुसरं सांगू. बाबा म्हणतात लग्न लावून द्या (त्यांच्याकडे बहुतेक सगळ्या आजारांवर हेच औषध असतं).

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे नुसतं थकणं आहे की आजार? कॅटेगरी लागली म्हणजे खरंच नोकरी संपते का? आणि लपवून उपचार केले तर काय होईल? इथे फौजेतली आणि डॉक्टर मंडळी आहेत हे माहीत आहे. कृपया उपदेश नको, माहिती द्या.

छप्पनभोगी (शनिवार, रात्री ११:५८)

ताई, काळजी नको. फौजी माणसं पोलादाची असतात. दोन महिने घरचं खाल्लं की गडी टकाटक. पोहे-जिलबी सुरू करा. 🙂

निवृत्त_उस्ताद (रविवार, सकाळी ५:२०)

छप्पनभोगी, पोलादालाही तडे जातात. तपासणी करणारा लागतो.

रेवाताई, मी पायदळातला. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं महूलाच शिकवायला होतो आणि आता इथेच घर आहे. तुमचा भाऊ खोटं सांगत नाही, पण अर्धंच सांगतोय. त्याला जे बराकीत ऐकायला मिळालं तेवढंच त्याला माहीत आहे.

फौजेत तब्येतीचा दर्जा ‘शेप’ने ठरतो. पाच अक्षरं आहेत. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीराची एकूण ताकद, ई डोळे. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. सगळीकडे एक असेल तर शेप-वन. पाच म्हणजे सेवेस अपात्र. गुडघा गेला तर ए-टू लागते आणि माणूस चारचौघांत लंगडत मिरवतो. एस-टू लागली की तोच माणूस कॅन्टीनला जायचं बंद करतो. दोन्ही नियमाप्रमाणे लो मेडिकल कॅटेगरीच, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा. फरक आपल्या डोक्यात आहे आणि तो फार मोठा फरक आहे, हे मी नाकारणार नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. जवान युनिटच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर त्याला मिलिटरी हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टकडे पाठवतो. कमान अधिकाऱ्याकडून एक अहवाल मागवतात: माणूस कामात कसा, बदल कधीपासून दिसतो, दारू, भांडणं, घरची अडचण. हॉस्पिटलात ठेवून बघतात. गरज पडली तर कॅटेगरी लावतात, पण ती सुरुवातीला तात्पुरती असते. जास्तीत जास्त चोवीस आठवडे, मग पुन्हा तपासणी. बरा वाटला तर वर चढवतात. एस-टूवरून परत एस-वन झालेली पोरं मी स्वतःच्या कंपनीत पाहिली आहेत. पुढे त्यातल्यांनी प्लाटूनही सांभाळली.

तोवर हत्यार देत नाहीत, रात्रीची संत्री ड्युटी (पहारा) नाही, उंचीवर पाठवत नाहीत. बढती अडकू शकते. यूएन मिशनला शेप-वनच लागतो. हे नुकसान खरं आहे.

पण ताई, एक विचारतो. रात्री तीनला जागा असलेला, आवाजाने घाम फुटणारा माणूस भरलेली रायफल घेऊन संत्री उभा आहे. त्याच्या पाठीमागे बराकीत साठ जण झोपलेत. तुम्ही त्या साठांतल्या एकाची बहीण असता तर?

मनोगती (रविवार, सकाळी १०:०५)

उस्तादांचा प्रतिसाद आधी दोनदा वाचा. मी इंदूरातच मनोविकारतज्ज्ञ आहे, लष्करातला नाही, त्यामुळे नियमांबद्दल त्यांचंच धरा. मी फक्त आजाराबद्दल लिहितो. इथे बसून निदान करत नाही, ते कोणीच करू नये.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात. शरीर सतत पहाऱ्यावर असणं (दार, कडी, आवाज). आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं. आणि झोप मोडणं. भयंकर प्रसंगानंतर काही आठवडे असं होणं अगदी स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही टिकलं, आणि कामात, नात्यांत आडवं येऊ लागलं, तर आम्ही आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करतो. म्हणजेच पीटीएसडी. पण फौजेतून आलेला प्रत्येक चिडका माणूस पीटीएसडीचा नसतो. उदासीनता असू शकते, दारू असू शकते, थायरॉइड असू शकतं. म्हणून तपासणी.

घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: ‘वर काय झालं ते सांग, बोललास की मोकळा होशील’ असं मागे लागू नका. सिनेमात माणूस एकदा रडतो आणि बरा होतो. प्रत्यक्षात, प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत बोलायला लावण्याची पद्धत जगभर वापरून झाली. तिचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रास वाढला. सांगणं हे उपचाराचा भाग आहे, पण त्याच्या वेगाने, शिकलेल्या माणसासमोर. तुम्ही फक्त त्याच्याबरोबर गच्चीवर जाऊन बसा. बोलायला विषय हवा असेल तर इंदूरच्या ट्रॅफिकला शिव्या द्या.

दुसरं: झोपेच्या गोळ्या. आपल्याकडे केमिस्टकडून सहज मिळतात. या आजारात त्या नुसत्या निरुपयोगी नाहीत, सवय लागते आणि बरं होणं लांबतं. तीच गोष्ट रमची. तो रात्री झोपण्यासाठी पितो का, हे शांतपणे बघून ठेवा.

चांगली बातमी अशी की उपचार आहेत. आघातावर केंद्रित मानसोपचार आहे, गरजेप्रमाणे नैराश्यविरोधी गोळ्या आहेत, आणि तरुण, नोकरीत असलेल्या, घरचे पाठीशी असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग चांगला होतो. उशीर जितका कमी तितकं सोपं.

आता तुमच्या यजमानांच्या सूचनेबद्दल. दुसऱ्या नावाने माझ्याकडे आला तर मी त्याला तपासीन, कारण समोर माणूस दुःखात आहे. पण मी त्याला देईन त्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. त्याच्या युनिटला माहीत नाही, त्याच्या हातात हत्यार आहे, आणि रात्री काही बिघडलं तर तिथल्या डॉक्टरला तो काय घेतोय हे कळणार नाही. शिवाय कोर्स संपून तो उद्या तेजपूरला गेला की उपचार अर्धवट.

लगेच बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याला एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) उघडला. आणि तो ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलला तर सोमवारची वाट पाहू नका. सुट्टीवर असला तरी आणीबाणीत जवळच्या कुठल्याही रुग्णालयात नेता येतं. युनिटला आणि मिलिटरी हॉस्पिटलला कळवायचं.

कारेलीबागवाली (रविवार, दुपारी ३:१५)

मी वडोदऱ्याची. ह्यांची नोकरी ईएमईत (फौजेची यंत्रदुरुस्तीची शाखा), आम्ही बऱ्याच छावण्या फिरून आलो. रेवा, तुझं वाचताना हात थरथरले.

मी गोड लिहिणार नाही. आम्ही समोरच्या दाराने गेलो. एका स्टेशनवर (नाव लिहीत नाही) युनिटमधल्या एका साहेबांनी ह्यांना सगळ्यांसमोर ‘नाटक बंद कर’ म्हणून सुनावलं. कॅटेगरी लागली, एका बढतीच्या बोर्डाला हे बसू शकले नाहीत, आणि त्यांच्या मागून आलेला मुलगा पुढे गेला. ते अजून सलतं. घरी कोणी पाहुणा आला आणि ‘काय मग, कुठपर्यंत पोचलात?’ म्हणाला की हे उठून आत जातात.

तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर तेच करीन. कारण आधीचं वर्ष मी काय काढलंय ते माझं मला ठाऊक. मुलीने पाण्याचा पेला पाडला तरी घर हादरायचं.

मला वाटतं लोक एक गोष्ट विसरतात. बॉर्डरवर असताना हे बरे असतात! तिथे सगळं ठरलेलं, सोबतचे सगळे त्याच अवस्थेत. कोसळतात ते पीसला, म्हणजे शांत ठिकाणच्या छावणीत, आल्यावर. आणि आपण तेव्हाच त्यांच्यासमोर दोन वर्षांची साठलेली कामं ठेवतो: जमिनीची मोजणी, सासूबाईंचा मोतीबिंदू, मुलीची ॲडमिशन, नणंदेचं लग्न. साठ दिवसांची वार्षिक रजा त्यात संपते. हे परत जाताना म्हणायचे, आता जरा आराम मिळेल.

भोपाळ_बोर्ड (रविवार, संध्याकाळी ६:४०)

सगळ्यांची माफी मागून एक प्रश्न. मी एसएसबीची (फौजेतल्या अधिकाऱ्यांची निवड चाचणी) तयारी करतोय. तिथे मानसशास्त्राच्या एवढ्या चाचण्या असतात, तर मग असे लोक आधीच गाळले जायला हवेत ना? पाच दिवस घेतात. साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, त्यात वाक्य लिहायचं. चित्र तीस सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, अकरा चित्रं आणि बारावं कोरं. अर्ध्या तासात साठ प्रसंग. हे सगळं पार करणारा माणूस मनाने पक्काच असणार. आमचे क्लासवाले म्हणतात मनसा-वाचा-कर्मणा तपासतात: मानसशास्त्रज्ञ मन, मुलाखत घेणारा वाणी, मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी (जीटीओ) कृती.

मनोगती (रविवार, संध्याकाळी ७:३०)

@भोपाळ_बोर्ड, प्रश्न चांगला आहे, माफीची गरज नाही. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

ती चाचणी निवडीची आहे. या माणसात अधिकारी होण्याचे गुण आहेत का, एवढंच ती बघते. सहा वर्षांनी, दरीत उतरून आपल्याच सोबत्यांना बाहेर काढल्यावर त्याची झोप टिकेल का, हे कोणतीही चाचणी आधी सांगू शकत नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात भरतीच्या वेळीच ‘कच्च्या मनाचे’ गाळायचा मोठा प्रयत्न केला. लाखो तरुण परत पाठवले, तरी आघाडीवर कोसळणाऱ्यांची रांग थांबली नाही. चांगल्यातला चांगला माणूसही पुरेसा काळ आगीत राहिला तर मोडतो, हे त्यांना महागात पडून कळलं.

आणि रेवाताईंचा भाऊ जवान आहे. त्याच्या भरतीच्या वेळी धावणं, लेखी परीक्षा, डॉक्टरी एवढंच होतं. पाच दिवसांची एसएसबी अधिकाऱ्यांसाठी.

भोपाळ_बोर्ड (रविवार, संध्याकाळी ७:४२)

ओह. हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही. 🙏

तडजोड_नाही (रविवार, रात्री ९:१०)

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमचे आजोबा बर्मात लढले. परत येऊन शेती केली, नव्वदीपर्यंत जगले. पीटीएसडी नावाचं काही नव्हतं. ही सगळी आयात केलेली फॅडं आहेत. नाव दिलं की आजार होतो. आपल्या फौजेला शिस्त आहे, देव आहे, पलटणीची इज्जत आहे, तेच औषध.

मुरारकर (रविवार, रात्री ११:२५)

@तडजोड_नाही, आजोबांना नमस्कार. पण ते रात्री कसे झोपायचे हे आजीला विचारलं होतं का कोणी?

मी ग्वाल्हेरचा. आमच्या शिंदेशाही पलटणींचा थोडा नाद आहे म्हणून लिहितो. आजाराला १९८० साली अमेरिकन वर्गीकरणात पीटीएसडी हे नाव मिळालं हे खरं. आजार त्याच्या कितीतरी आधीचा. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ (तोफगोळ्यांचा धक्का) लिहिलं, तेव्हा हिंदी सैनिक फ्रान्सच्या त्याच चिखलात होते. त्यांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा. म्हणून पोरांनी खुणेची भाषा काढली: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. घरी काय कळवायचं होतं ते बघा! पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्याच ३०६ सैनिकांना पळपुटेपणा, भित्रेपणा वगैरे आरोपांखाली गोळ्या घातल्या. त्यातले बरेच आजारी असावेत हे मान्य व्हायला २००६ उजाडलं, तेव्हा मरणोत्तर माफी दिली.

मराठ्यांचं म्हणाल तर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. उपासमार, मग तुर्कांची कैद. त्यातून सातारा-रत्नागिरीला परतलेल्यांना गावाने काय म्हटलं असेल? ‘त्याला बाहेरचं झालंय.’ मग देवऋषी. नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता, असं कसं म्हणणार?

युद्धातलीच एक चांगली शिकवणही आहे. कोसळलेल्याला शेकडो मैल मागे हॉस्पिटलात पाठवलं की तो परत उभा राहत नाही, असं फ्रान्समध्ये लक्षात आलं. म्हणून त्याला आघाडीजवळच ठेवायचं, लगेच उपचार करायचे, आणि ‘तू बरा होऊन पलटणीत परतणार आहेस’ हे पहिल्या दिवसापासून सांगायचं. जवळ, लगेच, आशा. जगभरच्या सैन्यांत आजही हेच तत्त्व वापरतात. तुम्ही म्हणता ती पलटणीची इज्जत यात कामी येतेच की. फक्त ती माणसाला गप्प बसवायला वापरू नका.

काळाकोट (सोमवार, सकाळी ९:३०)

वकिलाचे दोन पैसे.

जवान गप्प का बसतो याचं एक कारण कायद्यातही आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४६: आजाराचं सोंग करणं हा गुन्हा. कलम ६४: आत्महत्येचा प्रयत्न हाही गुन्हा. नागरिकांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं मानायला सांगितलं की प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. आर्मी ॲक्टमधलं कलम मात्र तसंच आहे. म्हणजे ‘सोंग’ ठरण्याची भीती आणि ‘गुन्हा’ ठरण्याची भीती, या दोन्हींच्या मधून वाट काढत त्याने डॉक्टरकडे जायचं. स्वतःहून, वेळेवर, कागदावर नोंद होईल असं जाणं हाच त्यातला सुरक्षित मार्ग.

आणि नोंदीचा दुसरा फायदा. उद्या आजारामुळे नोकरी सुटलीच तर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो: आजार सेवेमुळे झाला का, की सेवेने वाढला? धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की भरतीच्या वेळी कागदावर दोष नव्हता, तर आजार सेवेत उद्भवला असं धरायचं; तसं नाही म्हणायचं असेल तर मेडिकल बोर्डाने कारणं द्यायला हवीत. २०२३ पासून नियम बदललेत, तेव्हा प्रत्येक प्रकरण वेगळं बघावं लागतं. मध्य प्रदेशातली मंडळी जबलपूरच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातात. पण जो दुसऱ्या नावाने रोख पैसे देऊन गोळ्या घेत होता, त्याच्याकडे दाखवायला काय असणार? अपघाताची नोंद, त्यानंतरची झोपेची तक्रार, तारखेसह, हे सगळं मिलिटरीच्या कागदावर असलेलं बरं.

अवांतर: कारेलीबागवाली वहिनी, जमिनीच्या कामांचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. जवान सीमेवर असताना त्याच्या गैरहजेरीत निकाल लागू नये म्हणून इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ आहे. कमान अधिकारी जिल्हाधिकाऱ्याला पत्रही लिहितात. हा कायदा गावातल्या वकिलांनाच माहीत नसतो.

तडजोड_नाही (सोमवार, सकाळी १०:१५)

आकडे तरी आहेत का कोणाकडे? की नुसत्या भावना?

काळाकोट (सोमवार, सकाळी १०:४०)

जुलै २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेले: मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या. लष्कर ६४२, हवाई दल १४८, नौदल २९. यात बीएसएफ, सीआरपीएफ नाहीत, ती गृहमंत्रालयाखाली येतात. मुरारकरांच्या शेजारी टेकनपूरला बीएसएफची अकादमी आहे, तिथला हिशेब वेगळा.

संपादक (सोमवार, सकाळी ११:००)

विषय नाजूक आहे. प्रसंगांचे तपशील, पद्धती, व्हिडिओ इथे टाकू नयेत. राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

निवृत्त_उस्ताद (सोमवार, दुपारी २:००)

आकडे वाचले. त्या आकड्यांत माझ्या ओळखीचं एक नाव आहे, जास्त लिहीत नाही.

तडजोडसाहेब म्हणतात शिस्त, देव, पलटण. मी ते हसण्यावारी नेत नाही. चांगल्या कंपनीत हे खरंच चालतं. रजेवरून आलेल्या जवानाशी कंपनी कमांडर बसून बोलतो, घरचं विचारतो. बडी म्हणजे जोडीदार लावून देतात, तो सांगतो, ‘उस्ताद, हा दोन दिवस जेवला नाही.’ मंदिराचे पंडितजी, मौलवीसाहेब हेही फौजेचेच. कितीतरी पोरं मनातलं त्यांच्यापाशी बोलतात. सैनिक संमेलनात तोंड न उघडणारा रात्री लंगरमध्ये (जवानांच्या स्वयंपाकघरात) भांडी घासताना बोलतो. हे बघणारा हवालदार, सुभेदार हवा. पण माणसं कमी, कामं जास्त, आणि वर बसलेल्याला ‘माझ्या कंपनीत सगळं ठीक’ हेच सांगायचं असेल तर हे सगळं कागदावर राहतं. वहिनींना जे भोगावं लागलं ते मी नाकारत नाही. असे साहेब असतात.

एक गोष्ट मला बोचत आली. जवान लडाखला चढतो तेव्हा आम्ही त्याला नऊ हजार फुटांवर सहा दिवस थांबवतो. मग बारा हजारांच्या वर चार दिवस, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. कितीही घाई असो, जनरल आला तरी त्याला थांबावं लागतं, नाहीतर फुफ्फुसात पाणी भरून मरेल. त्यात कोणाला लाज वाटत नाही. तोच जवान दोन वर्षांनी खाली येतो, रात्रीची गाडी पकडतो आणि तिसऱ्या दिवशी बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढत असतो. उतरण्याला थांबा कुठे आहे? ब्रिटिशांनी अफगाणिस्तानातून येणाऱ्यांना घरी सोडण्याआधी सायप्रसला दीड दिवस थांबवलं: आंघोळ, समुद्र, बिअर, थोडं बोलणं. दीड दिवसाने काय मोठं होतं, असं म्हणाल. मला वाटतं होतं.

आणि अग्निवीरांना तर वर्षाला तीसच दिवस रजा, वर चार वर्षांनी चारातल्या तिघांना घरी जायचंय. त्या पोरांच्या डोक्यात काय चालतं, हा वेगळा धागा होईल.

मनोगती (सोमवार, दुपारी २:४५)

उस्ताद, उतरण्याच्या थांब्याबद्दल शंभर टक्के. फक्त पंडितजी-मौलवींबद्दल एक पुस्ती. मन हलकं करायला ते उत्तम, पण आजार ओळखून पुढे पाठवायचं प्रशिक्षण त्यांना मिळायला हवं. नाहीतर ‘हनुमान चालिसा म्हण’ एवढ्यावरच थांबतं आणि सहा महिने जातात.

निवृत्त_उस्ताद (सोमवार, दुपारी २:५२)

हनुमान चालिसा म्हणायची आणि हॉस्पिटललाही जायचं. भांडण कुठे आहे?

राजेंद्रनगरची_रेवा (बुधवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत नाही, पण प्रत्येक प्रतिसाद वाचलाय, काही रडत.

भावाला धागा दाखवला. आधी चिडला, ‘माझी इज्जत इंटरनेटवर मांडलीस.’ मग नावगाव कुठेच नाही बघून गप्प झाला आणि फोन हातात घेऊन गच्चीवर गेला. तासाभराने खाली येऊन म्हणाला, ‘ते फुफ्फुसाचं ज्यांनी लिहिलंय त्यांचा नंबर मिळेल का?’ उस्ताद, मी तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केला होता, तुम्ही बोललात, काय बोललात ते मी विचारलं नाही.

आज तो युनिटच्या डॉक्टरकडे स्वतः जाऊन आला. गुरुवारी मिलिटरी हॉस्पिटलात स्पेशालिस्टकडे जायचंय. युनिटच्या डॉक्टर तरुण कॅप्टन आहेत म्हणे, मॅडम. त्यांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला, दुसरा जेवणाचा. दरीचं काहीच नाही विचारलं. तो त्यावरच खूश होता.

कॅटेगरी लागेल की नाही माहीत नाही. कोर्सचं काय, तेही माहीत नाही. यजमान अजून म्हणताहेत की घाई केलीत. कारेलीबागवाली ताई, तुमचं ‘अजून सलतं’ मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं. खोटी आशा नको होती.

आता दोन व्यावहारिक प्रश्न. मला त्याच्याबरोबर जाता येईल का? आणि आईला काय सांगू? तिला वाटतंय त्याला लिव्हरचं काहीतरी झालंय.

कारेलीबागवाली (बुधवार, रात्री १०:४८)

आईला खरं सांग. मोठे शब्द नकोत. ‘झोप बिघडलीये, त्याचं औषध चालू करताहेत’ म्हण. हे खरंच आहे. लिव्हर म्हटलंस तर उद्यापासून कारल्याचा रस सुरू होईल. आणि लग्नाचा विषय बाबांनी सध्या काढायचा नाही, हे तूच ठणकावून सांग, त्याच्यावर सोडू नकोस.

निवृत्त_उस्ताद (गुरुवार, सकाळी ४:५५)

जाता येईल. आधार कार्ड जवळ ठेवा, छावणीच्या गेटवर नोंद करतील. डॉक्टर घरच्यांशी वेगळं बोलतात, तेव्हा तुम्ही इथे लिहिलंय तेच तिथे सांगा: कडी, फुगा, झांकी, कधीपासून. कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. भरती करून घेतलं तर घाबरू नका, निरीक्षणासाठी ठेवतात. लुंगी, चप्पल, दाढीचं सामान लागेल. फोन आत ठेवू देतील की नाही ते वॉर्डवर आहे, म्हणून भेटीची वेळ निघतानाच विचारून घ्या.

मी साडेनऊला ओपीडीच्या बाहेर असेन. पांढरा शर्ट, हातात काठी. ब्लड प्रेशर दाखवायला आलोय असं समजा.